गाडी बाहेर, थंडी मायनस तीस: फुल कव्हर, काचेचं कव्हर आणि ब्लॉक हीटर, तीन हिवाळे वापरून

कॅनडात एडमंटनला येऊन तीन हिवाळे झाले, आमच्याकडे गॅरेज नाही, गाडी (२०१६ ची कोरोला) घरामागच्या गल्लीत सिमेंटच्या पॅडवर उघड्यावर उभी असते. नवीन आलेल्या मराठी लोकांचा ऑक्टोबर लागला की पहिला प्रश्न हाच असतो की गाडीला कव्हर कुठलं घेऊ, म्हणून कव्हरपासूनच सुरू करते.

फुल कव्हर घेऊ नका. मी घेतलं होतं, नोव्हेंबर २०२२ मधे, नव्वद डॉलरला, सहा लेयरचं, आतून मऊ कापूस वगैरे. साताऱ्याला आमचे बाबा रोज संध्याकाळी गाडीवर कव्हर घालून चारी बाजूंनी बंद बांधल्याशिवाय जेवायला बसत नाहीत, त्यामुळे गाडी उघडी ठेवायची नाही हे माझ्या डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. तिकडे धूळ, ऊन, चिंचेच्या झाडावरची पाखरं, त्यासाठी ते बरोबरच आहे. इथे बर्फ आहे आणि बर्फाचं गणित पूर्ण वेगळं आहे.

पहिल्याच मोठ्या बर्फाला काय झालं ते सांगते. रात्री पडलेला बर्फ कव्हरवर साचला, दुपारी जरा ऊन आलं तसं वरचं थोडं वितळून कापडात मुरलं, आणि रात्री तापमान मायनस अठराला गेलं. सकाळी साडेसहाला ऑफिसला निघायचं तर कव्हर टपाला, आरशांना आणि दाराच्या हँडलांना चिकटून बसलेलं, ओढलं तर शिवण टर्रकन उसवली. निघालं तेव्हा पत्र्यासारखं कडक, घडी होईना, मग तसंच उभं उचलून बेसमेंटमधे नेलं तर संध्याकाळपर्यंत तिथे पाण्याचं तळं. हे रोज कोण करणार?

आणि खरं नुकसान एप्रिलमधे गाडी धुतल्यावर दिसलं. इथे रस्त्यावर घसरू नये म्हणून वाळू आणि बारीक खडी टाकतात, ती दिवसभर गाडीवर उडून बसते, वरून कव्हर घातलं आणि रात्रभर वारा सुटला की तेच कव्हर पॉलिश पेपरचं काम करतं. बॉनेटच्या कडा आणि मागच्या दाराजवळ रंग धुरकट झाला तो झालाच. मला खूप वाईट वाटलं कारण ही आमची इथली पहिली गाडी आणि मी तिला जपायलाच निघाले होते. कुणी दोन-तीन महिने भारतात जाणार असेल, गाडी धुवून कोरडी करून उभी करणार असेल आणि जागा वाऱ्याच्या आडोशाला असेल तर फुल कव्हरचा विचार करा, रोज चालणाऱ्या गाडीला नाही.

दुसऱ्या वर्षी फक्त पुढच्या काचेचं कव्हर घेतलं, तीसेक डॉलरचं, आणि हे मात्र मी कुणालाही डोळे झाकून घ्यायला सांगेन. कुठल्याही कंपनीचं घ्या पण दोन्ही बाजूंना कान असलेलं घ्या, म्हणजे ते कान आत घेऊन दार लावता येतं. नुसतं लोहचुंबकावर चिकटणारं इथल्या वाऱ्यात टिकत नाही, मैत्रिणीचं दोन घरं सोडून कुंपणावर सापडलं. वायपर झाकले जातील एवढी लांबी बघा, आरशांच्या टोप्या सोबत आल्या तर उत्तम. घालताना एकच काळजी, गाडी लावल्या लावल्या घालू नका, काच गार होऊ द्या आणि पुसून कोरडी करा, नाहीतर गरम काचेमुळे कव्हरखाली ओल धरते आणि कव्हर आतून गोठतं. आधी सकाळी दहा-बारा मिनिटं खरवडत बसायचे, आता कव्हर धरलं, झटकलं, झालं. बाजूच्या काचा मात्र खरवडाव्या लागतातच आणि दाराच्या फटीतल्या कापडामुळे आतल्या बाजूला थोडा बर्फ धरतो, तेवढं चालवून घ्यावं लागतं. दारांच्या रबराला सिलिकॉन स्प्रे मारून ठेवा, म्हणजे दारं चिकटणार नाहीत.

पण इथे गाडी वाचते ती कव्हरने नाही, ब्लॉक हीटरने. गाडीच्या पुढच्या जाळीतून बाहेर लोंबणारी तीन पिनची वायर बघून आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं की गाडी चार्जिंगची घेतलीस का. ती इंजिनमधल्या हीटरची वायर. हा हीटर इंजिन ब्लॉकमधलं कूलंट गरम ठेवतो, त्याने ब्लॉक गरम राहतो आणि पहाटे ऑइल काकवीसारखं घट्ट होऊन इंजिन कण्हत नाही. लहान गाडीचा साधारण ४०० वॉटचा असतो. मायनस पंधराच्या खाली गेलं की लावायचा हा माझा नियम. रात्रभर लावायची गरज नसते, निघायच्या आधी तीन-चार तास पुरतात, त्यापुढे नुसतं बिल वाढतं.

हे सगळं मला शेजारच्या युक्रेनियन आजोबांनी शिकवलं. पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला बॉनेटजवळ कान लावायला सांगितला, वायर लावल्यावर आतून बारीक फसफस ऐकू आली तर हीटर चालू आहे, काहीच आवाज नाही तर बहुतेक वायर किंवा हीटर गेलाय. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे सप्टेंबरमधेच करून बघा, पहिल्या मायनस तीसच्या सकाळी कळून उपयोग नाही, त्या दिवशी सगळ्या गॅरेजवाल्यांकडे रांग असते.

कॉर्डवर पैसे वाचवू नका. मी आधी घरातली साधी कॉर्ड वापरली, ती थंडीत काठीसारखी ताठ झाली आणि वाकवताना वरचं आवरण तडकलं, आत वायर दिसायला लागली, बर्फात उभं राहून ती हातात धरायची म्हणजे जिवाशी खेळ. बाहेर वापरायची, तीन पिनची, १४ गेजची आणि थंडीसाठी म्हणून लिहिलेलीच घ्या, ती मायनस तीसलाही गुंडाळता येते. हीटर ठरलेल्या वेळी आपोआप चालू करणारा टायमरही बाहेर वापरायचाच हवा, माझा घरात वापरायचा होता तो दोन आठवड्यात बंद पडला.

टायमरचं महत्त्व मला १३ जानेवारी २०२४ ला कळलं. त्या आठवड्यात थंडी मायनस चाळीसच्या खाली गेली होती, आणि शनिवारी संध्याकाळी सगळ्या अल्बर्टात, म्हणजे आमच्या प्रांतात, फोन एकदम किंचाळले, इमर्जन्सी अलर्ट, विजेच्या ग्रिडवर ताण आहे, लगेच वीज कमी वापरा, गाडीचे ब्लॉक हीटरसुद्धा आत्ता लावू नका. एरवी संध्याकाळी घरी आलं की लगेच वायर लावणारे कितीतरी जण असतात. आमचा टायमर पहाटे तीनचा, त्यामुळे आम्हाला काही बदलावंच लागलं नाही, फक्त घरातले दिवे बंद करून मेणबत्ती लावून बसलो. लोकांनी खरंच ऐकलं आणि त्या रात्री लाइट गेली नाही, त्याचं मला अजून कौतुक वाटतं. रविवारी सकाळी गाडी एका झटक्यात सुरू झाली.

बॅटरीचं सांगायचं तर ब्लॉक हीटर बॅटरी गरम करत नाही, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. मायनस अठराला बॅटरीची ताकद जवळपास निम्म्यावर येते, त्यात इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. म्हणून बॅटरीवर सीसीए म्हणून आकडा असतो, म्हणजे थंडीत गाडी सुरू करायची बॅटरीची ताकद, तो बघा, तो मायनस अठरालाच मोजलेला असतो, तुमच्या गाडीला कंपनीने सांगितलाय त्यापेक्षा कमी घेऊ नका. पूर्ण चार्ज बॅटरी सहसा गोठत नाही पण उतरलेली मायनस दहाच्या आसपासच गोठू शकते आणि फुटते, म्हणून गाडी आठवडाभर नुसती उभी ठेवू नका. मी गेल्या वर्षी बॅटरीला ८० वॉटची गुंडाळायची घोंगडी पण लावून घेतली, त्याच कॉर्डवर चालते, पाच वर्षं जुन्या बॅटरीने अख्खा हिवाळा काढला.

बारीकसारीक: काच धुवायचं पाणी मायनस चाळीसपर्यंत न गोठणारंच भरा, उन्हाळ्यातलं उरलेलं आधी संपवा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, केबल गोठते. टायरमधली हवा दर पाच-सहा डिग्रीला साधारण एक पीएसआय कमी होते, दर महिन्याला बघा, आणि मायनस तीसला सकाळी पहिली काही मिनिटं गाडी धडधड करत गेली तर घाबरू नका, रात्रभर उभं राहून टायर खाली चपटे झालेले असतात, गरम झाले की आपोआप गोल होतात. आणि कृपा करून काचेवर गरम पाणी ओतू नका, आमच्या गल्लीत एकाने ओतलं, काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली.

शेवटचं म्हणजे वायर काढायला विसरणं. अर्धवट झोपेत गाडी रिव्हर्स घेतली की कॉर्ड, प्लग, कधी जाळीचा तुकडा पण तुटून येतो. आजोबांची पद्धत सोपी आहे, वायर लावली की कॉर्डचा एक वेढा ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशावर टाकून ठेवायचा, म्हणजे दार उघडायला गेलं की ती आधी हाताला लागते. तीन वर्षांत एकदाही विसरले नाही.