आफ्टर इफेक्ट्स, एका चित्रकाराच्या हातात

दहा-बारा वर्षं इलस्ट्रेशनच करतोय, पुस्तकांची कव्हर्स, लग्नपत्रिका, दिवाळी अंक वगैरे. हल्ली प्रत्येक क्लायंटचं एकच, "जरा हलतं करून द्या ना". मला वाटलं चित्र तर आपलंच आहे, हलवायला काय लागतंय, म्हणून अडोबीचं आफ्टर इफेक्ट्स हे चित्रं हलती करायचं सॉफ्टवेअर घेतलं. वर्ष झालं आता, म्हणून लिहितोय.

सॉफ्टवेअर १९९३ चं आहे, जुनं खोड, आणि पहिल्यांदा उघडलं की विमानाच्या कॉकपिटमध्ये बसवल्यासारखं वाटतं. पण कीफ्रेम, म्हणजे कुठल्या क्षणी वस्तू कुठे असेल याची खूण, कळायला एक दुपार पुरते. इथे चेंडू, तिथे चेंडू, मधलं ते स्वतः भरतं. आणि तिथेच घोळ आहे, कारण ते जे भरतं ते सरळसोट असतं, एका वेगात, लिफ्टसारखं. मग सगळे सांगतात एफ ९ दाबा, इझी ईझ होईल, म्हणजे हालचाल हळू सुरू होऊन हळू थांबेल. होतं, पण सगळीकडे तेच दाबलं की सगळंच सारखं गुळगुळीत, दगडही तसाच पडतो आणि पीसही. खरं काम ग्राफ एडिटरमध्ये, वेगाची रेघ स्वतः ओढायची, कुठे थांबायचं, कुठे झटकन सुटायचं. चित्र काढता येतं म्हणून हे येत नाही हो, मला तरी आलं नाही, तीन महिने माझी सगळी पात्रं पाण्याखाली असल्यासारखी चालत होती.

मराठी अक्षरं लिहिली जाताना दाखवायची असतील तर ट्रिम पाथ्स भारी आहे, रेघ हळूहळू उमटताना दाखवतं. फक्त ते स्ट्रोकवर, म्हणजे ओढलेल्या रेघेवर चालतं, फॉन्टला लावलं तर नुसती बाहेरची कड पळते. म्हणून अक्षराच्या मधून जाड रेघ काढायची आणि ती मॅट म्हणून वापरायची, म्हणजे रेघ जिथवर पोचेल तेवढंच अक्षर दिसतं. मी मोठ्या हौसेने एक शीर्षक केलं, आधी शिरोरेषा आली आणि मग खाली अक्षरं लटकली. आईने बघितलं आणि म्हणाली, "असं कोण लिहितं रे?" बरोबरच होतं की, आपण अक्षरं लिहून शेवटी वर रेघ मारतो! परत केलं, रेघेला फक्त ८ फ्रेम दिल्या, २५ फ्रेमचा एक सेकंद धरला तर हे डोळा लवायच्या आत झालं, आणि शब्द एकदम जिवंत वाटायला लागला.

फ्रेम बाय फ्रेम, म्हणजे प्रत्येक क्षणाचं चित्र हाताने काढून ड्रॉइंग करायचं असेल तर हे घेऊ नका, ते त्याचं काम नाही. रॅम कमीत कमी १६ जीबी हवी, माझा ८ जीबीचा म्हातारा लॅपटॉप प्रिव्ह्यू दाबला की देवाचं नाव घ्यायचा. आणि कायमचं विकत मिळत नाही, भाडं भरत राहायचं.

७ दिवसांची ट्रायल आहे, पण ती चालू करायच्या आधी एक चित्र हात, पाय, मान वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरांवर, काढून ठेवा. मी एकाच लेयरवर रंगवलेलं घेऊन बसलो आणि त्यातले चार दिवस नुसते हात कापण्यात गेले.