ट्रक स्टॉपवरच्या सीबी दुकानात गेलेले 484 डॉलर 85 सेंट

अमेरिकेत ट्रक चालवणाऱ्या मराठी मंडळींपैकी कोणी सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओ, म्हणजे चालकांचा आपसांत बोलण्याचा संच, घेण्याच्या विचारात असेल, तर त्याने ट्रक स्टॉपच्या आवारातील टपरीवजा दुकानात खिशात हात घालण्यापूर्वी हे वाचावे. आय-80 महामार्गाच्या कडेला असलेल्या अशाच एका दुकानदाराने माझे 484 डॉलर 85 सेंट लाटले. रेडिओचे 189.95, दोन अँटेना, त्यांच्या पट्ट्या आणि केबल मिळून 129.90, ‘पीक अँड ट्यून’चे, म्हणजे रेडिओची शक्ती वाढवून देण्याचे, 75 आणि बसवण्याची मजुरी 90. पहिल्या दोन रकमा कार्डावर गेल्या. उरलेले 165 डॉलर त्याने ‘रोख द्या, कर लागणार नाही’ असे म्हणून घेतले आणि पावती दिली नाही. पावतीवाचून रोकड देऊ नये, हे मला कोणी शिकवायला नको. पण सक्तीची तीस मिनिटांची विश्रांती संपत आली होती, डिलिव्हरीची वेळ ठरलेली होती आणि केबिनमध्ये तारा अर्धवट लोंबत होत्या. अशा वेळी हुज्जत कोण घालणार?

मोबाइलच्या काळात सीबी कशाला, असे विचारणाऱ्यांनी हिवाळ्यात घाट चढून पाहावा. पुढे कोणती लेन बंद आहे, वजनकाटा चालू आहे की नाही, हे ट्रकचालकांच्या चॅनल 19 वर आधी कळते. शिवाय हातात फोन धरून बोलण्यास व्यावसायिक चालकांना 2012 पासून मनाई आहे. सीबीला ती लागू नाही. म्हणजे गरज खरी होती, हौस नव्हती.

‘पीक अँड ट्यून’ म्हणजे काय, हे या धंद्यातल्यांना ठाऊकच आहे. ‘कंपनी रेडिओ मुद्दाम मंद ठेवते, मी त्याला मोकळा करतो,’ असे दुकानदार म्हणाला आणि मीटरचा काटा उडवून दाखवला. एएमवर कायद्याने 4 वॉटची मर्यादा आहे. त्याने केले एवढेच, की आवाजाला आवर घालणारा लिमिटर तोडला. त्यामुळे बोलणे लांब जात नाही, फक्त फाटते आणि शेजारच्या चॅनलवर सांडते. शक्ती चौपट केली तरी समोरच्याच्या मीटरवर जेमतेम एक एस युनिट (सिग्नलच्या ताकदीचे एकक) वाढते. पंचाहत्तर डॉलर त्यासाठी द्यायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण माझा संताप होतो तो एसडब्ल्यूआर मोजतानाच्या त्या मिनिटाने. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचे माप; ते 1 च्या जितके जवळ तितके चांगले. या मीटरवर आधी बटण ‘फॉरवर्ड’कडे ठेवून काटा शेवटच्या खुणेपर्यंत आणावा लागतो आणि मगच ‘रिफ्लेक्टेड’कडे वळवून आकडा वाचायचा असतो. त्याने पहिली पायरी गाळली. काटा मधल्या खुणेलाही पोहोचला नव्हता, तोच त्याने बटण फिरवले आणि ‘1.1, परफेक्ट’ असे जाहीर केले. काटा जागेवर न आणता मोजले, तर जळक्या अँटेनाचाही आकडा चांगलाच दिसेल. मी शेजारी उभा राहून पाहत होतो, काटा मध्येच थांबलेला मला दिसला, आणि त्याचा हात इतका सराईतपणे फिरला की हे यंत्र असेच चालत असावे असे वाटले. जो माणूस दिवसभर हेच काम करतो, त्याचे बटण तपासायला गिऱ्हाईक जात नाही; डॉक्टरचा थर्मामीटर कोणी हिसकावून पाहत नाही. वर त्याने मोजले तेही एकाच चॅनलवर. चॅनल 1 आणि 40 वरही मोजून घ्यावे, नाहीतर मोजल्याचा उपयोग नाही.

पुढे रेडिओ तापू लागला आणि एका रात्री बोलणे जाणेच बंद झाले. दुसऱ्या गावातल्या तंत्रज्ञाने 45 डॉलर घेऊन पाहिले तेव्हा एसडब्ल्यूआर 3 च्या पुढे होता आणि फायनल ट्रान्झिस्टर, म्हणजे अँटेनाकडे शक्ती पाठवणारा शेवटचा भाग, जळलेला होता. अँटेनाची पट्टी आरशाच्या दांडीवर रंगावरच आवळली होती, त्यामुळे तिचा धातूशी संपर्कच नव्हता. या रेडिओला ट्रकचे धातूचे अंग अर्ध्या अँटेनासारखे लागते, आणि फायबरग्लासच्या केबिनमध्ये तर अँटेनाची पट्टी ट्रकच्या धातूशी मुद्दाम तारेने जोडून घ्यावी लागते. अँटेनाच्या जोडीला 75 ओहमची को-फेज केबल (दोन अँटेना एकत्र चालवण्यासाठीची) हवी असताना 50 ओहमच्या दोन तुकड्यांना साधा टी-जोड लावला होता. गरज नसेल तर जोडी घेऊच नये. चांगला बसवलेला एकच अँटेना पुरतो.

आता दाद मागण्याचे ऐका. दुकानदाराने ‘विकलेला माल परत नाही’ या पाटीकडे बोट दाखवले. निर्मात्याने लिमिटर तोडलेला पाहून वॉरंटी नाकारली. कार्ड देणाऱ्या बँकेने माल मिळाला आणि सही तुमचीच आहे, असे कळवून 319.85 डॉलरचा वाद निकाली काढला. 165 रोकडीचा तर पुरावाच नाही. पोलिसांनी हा दिवाणी मामला असल्याचे सांगून तक्रार लिहूनही घेतली नाही. ग्राहक तक्रारींच्या कार्यालयाने दुकानदाराला एक पत्र पाठवले, बदल गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून केला असे त्याचे उत्तर मला जसेच्या तसे पाठवले आणि समेट न झाल्याचे लिहून फाइल बंद केली. रेडिओच्या नियमांशी संबंधित खात्यात फोन केला, तर तिथल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की बदल केलेला संच चालवत कोण होते. म्हणजे फसवले त्याने, आणि कायद्याच्या नजरेत जबाबदार मी! पुरावे, फोटो, तंत्रज्ञाचा लेखी अहवाल, सगळे पाठवले. कोणी उघडून पाहिल्याचे चिन्ह नाही.

म्हणून सांगतो, ज्या दुकानात ‘ट्यून’ करण्याची भाषा निघेल तेथून बाहेर पडावे. खोक्यावरचे सील आपल्यासमोर फोडून घ्यावे. एसडब्ल्यूआर मीटर स्वतःचा ठेवावा आणि काटा शेवटपर्यंत आणल्याशिवाय दुसऱ्या बाजूला बटण फिरवू देऊ नये; मोजणी मोकळ्या जागेत, दारे बंद करून करावी. वीज थेट बॅटरीवरून फ्यूज घालून घ्यावी, सिगारेट लायटरच्या खोबणीतून नव्हे, तिथून इंजिनाची घरघर रेडिओत येते. आणि मजुरीची रक्कम पावतीवर वेगळी लिहायला लावावी, डिलिव्हरीला उशीर झाला तरी चालेल.