लाटेकमध्ये आपोआप तक्ते: काही महिन्यांच्या वापरानंतर

अहवाल लाटेकमध्ये, म्हणजे कमांड लिहून पानं जुळवणाऱ्या प्रणालीत, लिहितो. त्यातले सगळे तक्ते आता थेट सीएसव्ही फाइलवरून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) बनवतो. डेटा बदलला की नुसतं कंपाइल करायचं, आकडे चिकटवत बसायची कटकट संपली. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती शून्याबद्दल.

आधी पीजीएफप्लॉट्सटेबल हे लाटेकचं पॅकेज (जोडून घ्यायचा तयार कोड) धरलं. पूर्णांकन, दशांश जुळवणं, हजारांचे स्वल्पविराम, सगळं एका जागी. मग कोडच्या रकान्यात ००७ चं ७ छापून आलं. एरर नाही, वॉर्निंग नाही! प्रत्येक रकाना आकड्यांचाच, असं हे पॅकेज धरून चालतं. मजकूर दिसला तर निदान अडून बसतं, आकड्याच्या सुरुवातीची शून्यं मात्र गुपचूप गिळतं. ‘स्ट्रिंग टाइप’ (हा रकाना मजकुराचा) लिहिलं की ती परत येतात, पण ते अशा दर रकान्याला सांगायचं.

वैतागून पायथनच्या पँडाज या लायब्ररीकडे वळलो. तिथेही फाइल वाचतानाच शून्यं उडतात, ‘डीटाइप’ (रकान्याचा प्रकार) स्ट्रिंग द्यावा लागतो. वर २.० आवृत्तीपासून लाटेकचा तक्ता लिहून देणारं ‘टू-लाटेक’ विशेष चिन्हं आपण होऊन एस्केप करत नाही, म्हणजे ती साधी अक्षरं म्हणून छापली जावीत अशी लिहून देत नाही. चालती स्क्रिप्ट एका अंडरस्कोअरवर ‘मिसिंग डॉलर इन्सर्टेड’ म्हणून कोसळली. ‘एस्केप ट्रू’ दिलं की भागतं, पण आधी हे न सांगता होत होतं ना?

शेवटी सीएसव्हीसिंपल, हेही लाटेकचंच पॅकेज. याला आकडेमोड येत नाही, आणि तेच मला हवं होतं. ००७ म्हणजे ००७. ‘रिस्पेक्ट ऑल’ दिलं की टक्के, अंडरस्कोअर, अँपरसँड जसेच्या तसे छापतं. सीएसव्हीऑटोबुकटॅब्युलर या एका कमांडमध्ये नीटनेटका तक्ता. इथवर पाचपैकी पाच तारे लिहून ठेवले होते.

पुढचं नंतर जोडतोय. स्प्रेडशीट स्वल्पविराम असलेला मजकूर दुहेरी अवतरणांत घालून देते. सीएसव्हीसिंपलला अवतरणं कळत नाहीत, महिरपी कंस कळतात. त्यामुळे त्या ओळीत एक रकाना जास्त भरला, आणि रकाने जुळेनात म्हणून पॅकेजने अख्खी ओळच वगळली. तीही न बोलता. बेरीज जुळेना म्हणून कळलं, नाहीतर तसाच तक्ता पुढे गेला असता. शून्य गिळणारं परवडलं!

तरी सोडलेलं नाही. डेटा आता अर्धविरामाने वेगळा करून घेतो, ‘सेपरेटर’ सेमिकोलन ठेवतो आणि ‘वॉर्न ऑन कॉलम काउंट एरर’ प्रत्येक तक्त्यात लावतो. ही वॉर्निंग मुळातच चालू का नसावी, हे मला अजून पटलेलं नाही. तीन तारे. कापलेले दोन्ही त्या ओळीचे.