‘हेट पाइड’ जोडी, खोटं पॉलिश आणि माझे बारा किलो गोटे

परवा बार्शीहून एका मुलाचा फोन आला. बॉल पायथनची जोडी घ्यायची म्हणून तो वीस हजार रुपये आगाऊ पाठवायच्या बेतात होता. विकणाऱ्याने त्याला पाठवलेला फोटो त्याने मला दाखवला. फोटोतला साप कुणाचा ते मला सांगता येणार नाही, पण तो ज्या गोट्यांवर ठेवलाय ते गोटे माझे आहेत. टाकळीजवळ भीमेच्या पात्रात मी ते वेचले आणि महिनाभर माझ्याच दगड घासायच्या पिंपात ते फिरले. आजवर लाजेने गप्प होतो, आता लिहितोय.

माझं आयुष्य सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेलं. निवृत्तीनंतर एका जुन्या मागाची मोटर, दोन पुल्या आणि जाड पीव्हीसी पाइप घेऊन मागच्या पडवीत दगड घासायचं पिंप बनवलं. पिंप पाऊण भरेल इतके दगड, वर पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची जाड ग्रिट, म्हणजे घासायची कणीदार पूड, घालून आठवडाभर फिरवायचं. मग मध्यम ग्रिट, मग बारीक, आणि शेवटी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं पॉलिश. दर टप्प्याला गोटे आणि पिंप स्वच्छ धुवायचं, कारण जाड ग्रिटचा एक कण मागे राहिला तरी पुढच्या आठवड्याच्या कामावर ओरखडे पडतात. आपला काळा फत्तर याला फारसा उपयोगी नाही. त्याच्या भोकांत ग्रिट अडकून बसते. त्याच फत्तराच्या पोकळ्यांत तयार झालेले अकीक आणि गारगोट्या मात्र कठीण असतात, त्यांना आरशासारखी चमक येते. शेजारीच मिळणारे झिओलाइटचे पांढरे खडे कितीही देखणे दिसले तरी पिंपात घालू नका. मऊ असतात, त्यांचा गाळ होतो.

या नादातूनच त्या माणसाची ओळख झाली. पुण्याकडचा, तिशीतला, बोलायला अतिशय नम्र. ग्रिट विकायचा आणि घरी बॉल पायथनची पैदास करतो म्हणायचा. सापांच्या पेट्यांत मांडायला त्याला घासलेले गोटे हवे होते. “काका, तुम्ही दगडाला महिना देता, सापाला तीन वर्षं द्या. दोन्ही धंदे एकमेकांना धरून चालतील. पिल्लू घेणारा गोटेही तुमच्याकडूनच घेईल.” हे मला पटलं. पैशाचा मोह होताच, पण त्याहून जास्त भुरळ त्याच्या धीराच्या बोलण्याने घातली. महिना महिना दगड फिरवणारा माणूस खोटं बोलणार नाही, असं मी धरून चाललो.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप. घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गुंडाळतो, म्हणून हे नाव. पाळणाऱ्यांत त्याच्या रंगप्रकारांना, म्हणजे मॉर्फना किंमत असते. अंगावर पांढरे पट्टे असलेला ‘पाइड’ त्यातला महागडा. हा गुण आई आणि बाप दोघांकडूनही आला तरच अंगावर दिसतो. एकाकडूनच आला तर साप दिसायला साधा राहतो, पण गुण पोटात घेऊन फिरतो. त्याला ‘हेट’ म्हणतात. असे दोन हेट जोडीला लावले तर प्रत्येक अंड्यातून पाइड निघण्याची शक्यता चारात एक. तो सांगायचा, “सहा अंडी, त्यात दीड-दोन पाइड धरूनच चाला.” मी मागांचे हिशेब करणारा माणूस, कागदावर मांडलं तेव्हा कळलं, सहाच्या सहा अंडी साधी निघण्याची शक्यताही शंभरात अठरा आहे. तेव्हा हे मांडायला हवं होतं.

खरा धोका तर त्याच्याही आधी आहे. हेट साप डोळ्यांनी ओळखता येत नाही. शेपटीजवळच्या रेषा दाखवून “ही हेटची खूण” असं सांगतात, त्यावर भरवसा ठेवू नका. आई किंवा बाप स्वतः पाइड असेल तरच पिल्लू शंभर टक्के हेट. म्हणून आईबाप समोर बघायचे, त्यांच्या पेट्यांसकट. मी आईबापांच्या फोटोवर भागवलं. तो फोटो इंटरनेटवरच्या एका जुन्या परदेशी जाहिरातीतला होता, हे फार उशिरा उघड झालं.

त्याची लबाडी मला आधी दगडांनी सांगितली होती. त्याच्याकडून घेतलेलं दोन किलो पॉलिश घालून आठवडाभर पिंप फिरवलं, तरी गोटे मेणकटच राहिले. संशय आला म्हणून चिमूटभर पावडर बशीत घेऊन वर लिंबू पिळलं. बुडबुडे आले. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडला लिंबाने काही होत नाही. फसफसते ती चुनखडीची किंवा संगमरवराची भुकटी. मी त्याला फोन केला. “काका, व्यापाऱ्याने मलाच फसवलं,” म्हणाला, आणि बाराशे रुपये लगेच परत पाठवले. त्या परत आलेल्या बाराशे रुपयांमुळेच मी त्याला पुढे साठ हजार दिले. हे लिहितानाही जीव तुटतो.

सौदा जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत झाला. साठ हजार यूपीआयने आणि वर बारा किलो घासलेले अकीक. पैसे ज्या खात्यावर गेले ते त्याच्या नावाचं नव्हतं. “भावाचं आहे” म्हणाला. साप पहाटे सात रस्त्याला ट्रॅव्हल्सच्या डिकीतून उतरले, कापडी पिशव्यांत, थंडीत गारठलेले. जिवंत प्राणी असा आला तिथेच मी हात मागे घ्यायला हवा होता. पण पिशवीत जीव होता, परत कुठे पाठवणार?

नंतरची चूक माझी आहे, आणि साप पाळणाऱ्या कुणाच्याही हातून होऊ शकते. त्याच्या सांगण्यावरून पेटीत गुळगुळीत गोटे अंथरले, खाली हीटिंग मॅट ठेवली. कात टाकताना सापाला घासायला खडबडीत लाकूड किंवा दगड लागतो. आरशासारखा गोटा काही कामाचा नाही. शिवाय मॅटवर दगड तापत जातो आणि सापाला चटका बसेपर्यंत तो उठत नाही. थर्मोस्टॅट नसलेली मॅट वापरूच नका. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर उलटी काळजी, हवा इतकी कोरडी की काताचे तुकडे अंगाला चिकटून राहतात. एकाची कात डोळ्यावर अडकली म्हणून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी दोन्ही साप तपासले आणि म्हणाले, “दोन्ही नर आहेत.”

त्या रात्री मी कागद बाहेर काढले. २०२० च्या जूनमध्ये केंद्राने विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती देण्याची सवलत दिली होती. सहा महिन्यांत माहिती दिली तर कागद मागितले जाणार नव्हते. त्याच काळातलं म्हणून एक प्रमाणपत्र त्याने दिलं होतं. कायदा पुढे बदलला, हे मला ठाऊक नव्हतं. १ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत साइटीस, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारातल्या प्रजाती आल्या आणि बॉल पायथन त्यात आहे. कलम ४९ एम प्रमाणे असा प्राणी बाळगला, दुसऱ्याला दिला किंवा त्याला पिल्लं झाली, तर प्रत्येक वेळी नोंद करावी लागते. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार ही नोंद केंद्राच्या परिवेश पोर्टलवर होते, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे. विकणाऱ्याने हस्तांतर नोंदवलं नाही, तर तुमच्या हातातला कागद म्हणजे नुसती झेरॉक्स.

मी स्वतःच वनखात्याच्या कार्यालयात गेलो. त्यांनी माझा कागद नीट बघितला. मूळ प्रमाणपत्र पोपटाचं होतं, प्रजातीचा रकाना बदलून पुन्हा झेरॉक्स काढलेली. पंचनामा झाला, साप ताब्यात गेले. देताना मी त्यांना दोघांची शेवटची खाण्याची आणि कात टाकल्याची तारीख लिहून दिली. एक त्यांच्या पेटीत जाईपर्यंत माझ्या मनगटाला वेढा घालून होता.

पैशांसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबर पोलिसांकडेही गेलो. पण पाच महिने उलटले होते आणि खातं केव्हाच रिकामं झालं होतं. हा नंबर पैसे गेल्या दिवशीच, शक्यतो त्याच तासात लावायचा असतो.

बार्शीच्या मुलाने पैसे पाठवले नाहीत. पण तो फोटो आणखी कुणाकडे गेला असेल, म्हणून खूण सांगून ठेवतो. सापाच्या डाव्या बाजूला अंड्याएवढा तांबडा अकीक आहे, मधोमध पांढरी रेघ आणि रेघेच्या टोकाला तांदळाएवढा खड्डा. तो खड्डा घासून निघेना म्हणून मी तो गोटा तीन वेळा जाड ग्रिटमध्ये फिरवला होता. हा गोटा तुम्हाला आलेल्या फोटोत दिसला, तर एक रुपयाही पाठवू नका.