च्यायी की ताइपाओ: एकाच जिल्ह्यातून निघालेली दोन शहरं

तैवानचा कारभार समजून घ्यायचा तर ही दोन शहरं शेजारी ठेवून पाहावीत.

च्यायी जुनं. आधीचं नाव चुलो. चीनच्या छिंग राजवटीविरुद्ध लिन श्वांगवननं केलेल्या बंडात लोकांनी शहर नेटानं लढवलं, म्हणून 1787 मध्ये छ्यानलोंग या छिंग बादशहानं 'निष्ठेचा गौरव' अशा अर्थाचं हे नाव दिलं. 1950 मध्ये त्याचा दर्जा घटवून ते च्यायी याच नावाच्या जिल्ह्याच्या ताब्यात गेलं. 1 जुलै 1982 ला पुन्हा जिल्ह्याबाहेर पडलं. आज त्याचा महापौर आणि शहर परिषद जिल्ह्याच्या बरोबरीनं थेट केंद्र सरकारशी बोलतात. पूर्व आणि पश्चिम असे दोनच विभाग.

गंमत म्हणजे जिल्ह्याची कचेरी मात्र 1991 पर्यंत च्यायीतच राहिली, म्हणजे स्वतःच्या हद्दीबाहेर! मग ती ताइपाओला हलली, आणि त्याच वर्षी या शेतीच्या गावाला शहराचा दर्जा मिळाला. नाव आलं इथल्या वांग द-लू या छिंगकालीन नौदल सेनापतीच्या पदवीवरून. ताइपाओलाही निवडून आलेला नगराध्यक्ष आहे, पण तो जिल्ह्याच्या हाताखाली.

स्वायत्तता हवी तर च्यायी सरस, यात मला शंका नाही. तरी ताइपाओला कमी लेखू नये. राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयाची दक्षिण शाखा तिथंच आहे. 'च्यायी' नावाचं वेगवान रेल्वेचं स्थानकसुद्धा ताइपाओत आहे; तिथं उतरून च्यायीत जायला बस धरावी लागते.