पट्ट्यांचा शर्ट घालायचाच तर: रेफरी की लाइन्समन?

भाच्याचा फोन मार्चमध्ये आला. अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या खालच्या व्यावसायिक लीगमध्ये चार हंगाम, बसमधून रात्र-रात्र प्रवास, गुडघ्याचं एक ऑपरेशन आणि यंदा कुणीच नवा करार पुढे केला नव्हता. "मामा, खेळणं संपलं असं धरून चाल. पण मला बर्फावरून उतरायचं नाहीये." एका जुन्या सहकाऱ्याने त्याला रेफरी हो म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्याने लाइन्समन. मी दर शनिवारी इकडे कॅनडात, मिसिसॉगात, दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या मॅचना शिट्टी वाजवतो, तेवढ्याच भांडवलावर त्याने मला विचारलं. फोनवर जे सांगितलं ते विस्कळीत होतं, म्हणून इथे जरा नीट मांडतोय. मुलं-भाचे याच वळणावर असलेली आणखी दोन-चार मराठी घरं इकडे मला माहीत आहेत.

ज्यांनी आइस हॉकी फक्त टीव्हीवर ओझरती पाहिली आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली सगळ्यात वरची लीग. तिच्यात बर्फावर चार पंच असतात, दोन रेफरी आणि दोन लाइन्समन. शर्ट चौघांचा सारखाच, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. फरक दंडावर असतो: नारिंगी पट्टी ज्याच्या बाहीवर, तो रेफरी. पूर्वी रेफरी एकच असायचा. दुसरा टप्प्याटप्प्याने आला आणि 2000-01 च्या हंगामापासून सगळ्या सामन्यांत कायमचा झाला.

पेनल्टी देणं (म्हणजे गुन्हा करणाऱ्या खेळाडूला काही मिनिटं बाहेर बसवणं) आणि गोल मान्य-अमान्य करणं हे रेफरीचं काम. लाइन्समन ऑफसाइड (पकच्या, म्हणजे रबरी चकतीच्या, आधी खेळाडू निळी रेषा ओलांडून हल्ल्याच्या भागात शिरला का) आणि आइसिंग (मधल्या रेषेच्या अलीकडूनच पक थेट पलीकडच्या गोलरेषेपार मारला का) बघतो, बहुतेक फेसऑफला, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करताना, दोन खेळाडूंच्या मध्ये पक टाकतो आणि मारामारी झाली की दोघांच्या मध्ये शिरतो. जास्त खेळाडू बर्फावर उतरण्यासारखे काही मोजके गुन्हे तोही पकडू शकतो, पण पाय अडकवला का, स्टिक तोंडावर लागली का, हे ठरवणं मुख्यतः रेफरीकडे.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला एका वाक्यात सांगायचं तर लाइन्समन रोज धावचीत देतो आणि रेफरी रोज पायचीत. धावचीत म्हणजे बॅट रेषेच्या आत होती की नव्हती. पायचीत म्हणजे चेंडू कुठे गेला असता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कॅमेऱ्यात सापडतं, दुसऱ्यात माणसाचं मत शिरतंच. माझ्या मते निवड इथेच ठरते. पैसा, प्रतिष्ठा, नारिंगी पट्टी हे सगळं त्याच्या मागून येतं.

चुकलं तर काय होतं

एनएचएलमध्ये 2015-16 पासून प्रशिक्षकाला ऑफसाइडवर दाद मागता येते. गोल झाला, पण त्याआधी कुणाचा स्केट निळ्या रेषेपलीकडे गेला होता असं वाटलं, तर व्हिडिओ बघतात आणि गोल रद्द होऊ शकतो. लाइन्समनच्या हातून निसटलेलं अशा वेळी तरी सुधारतं. आपली चूक चार मिनिटं मोठ्या पडद्यावर फिरताना बघायची शरम असते, पण सामना त्या चुकीवर हरत नाही. आइसिंगला मात्र ही सोय नाही. त्यात 2013-14 पासून हायब्रिड आइसिंग आलं. दोन खेळाडू पककडे धावत सुटले की फेसऑफच्या ठिपक्यांपाशी कोण पुढे आहे हे लाइन्समनने धावता धावता ठरवायचं. म्हणजे त्यालाही अधूनमधून पायचीत द्यावंच लागतं.

रेफरीच्या न दिलेल्या पेनल्टीला कुणी वाली नाही. 27 मे 1993, लॉस एंजेलिस विरुद्ध टोरंटो, बाद फेरीतल्या सात सामन्यांच्या मालिकेतला सहावा सामना, जादा वेळ. लॉस एंजेलिसच्या वेन ग्रेट्झकीची स्टिक टोरंटोच्या डग गिलमोरच्या हनुवटीला लागली, रक्त आलं. रेफरी केरी फ्रेझरने पेनल्टी दिली नाही. त्या काळी रेफरी एकटाच असायचा. थोड्याच वेळात ग्रेट्झकीनेच विजयी गोल केला आणि सातवा सामनाही लॉस एंजेलिसने जिंकला. आपल्याकडून ते सुटलं हे फ्रेझरने पुढे मान्य केलं, पण टोरंटोत आजही कुठल्याही न्हाव्याच्या दुकानात त्याचं नाव काढून बघा. शेकडो सामने चोख सांभाळलेल्या माणसाची ओळख एका न वाजलेल्या शिट्टीवर येऊन थांबली. रेफरी व्हायचं तर अशा एखाद्या रात्रीची तयारी ठेवावी लागते.

शरीराचं गणित

इथे माजी खेळाडूंचा अंदाज हमखास चुकतो. "स्केटिंग तर मला येतंच," असं भाचाही म्हणाला. येतं, पण कोणतं? खेळाडू साधारण पाऊण मिनिट जीव तोडून पळतो आणि बाकावर जाऊन बसतो. पंचाला बाक नाही. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड तो बर्फावरच असतो, दम खायला मिळतो तो शिट्टी वाजल्यावरच. आणि हातात स्टिक नसते. आयुष्यभर स्टिकवर तोल सावरलेल्या माणसाला रिकाम्या हातांनी उलटं स्केटिंग करायला लावा, पहिल्या आठवड्यात तो नवशिक्यासारखा दिसतो. माझ्या शनिवारच्या मॅचला मदतीला आला तेव्हा भाच्याने दोन वेळा पायाशी आलेला पक सवयीने स्केटने ढकलला. बारा वर्षांच्या गोलकीपरने त्याच्याकडे जे बघितलं, ते त्याच्या एकाही कोचने कधी बघितलं नसेल.

लाइन्समनला पकच्या आधी रेषेवर पोचावं लागतं. आपण चालत्या खेळाडूच्या मागे राहिलो की कोन चुकतो, आणि कोन चुकला की ऑफसाइड चुकला. म्हणजे छोटे, तीव्र फटकारे आणि सतत दिशा बदलणं. दोन रेफरींपैकी एक गोलजवळच्या कोपऱ्यात जातो, दुसरा मागे राहतो. 170 ग्रॅमपर्यंतचा कडक रबरी पक काचेवर आपटत येतो तेव्हा कोपऱ्यातला रेफरी बोर्डाला (कडेच्या भिंतीला) पाठ चिकटवून पोट आत घेतो किंवा वर उडी मारून पाय वाचवतो. दोन्ही कामांत मार बसतो, फक्त वेगळ्या जागी.

मारामारीत शिरणं मात्र लाइन्समनच्या वाट्याला. त्याचाही एक अंदाज असतो. दोघं ताजेतवाने असताना मध्ये पडायचं नाही, दमले की किंवा एक जण खाली पडला की शिरायचं. अंगापिंडाने थोराड, भांडणाची लय ओळखणारा डिफेन्समन (बचावपटू) इथे लगेच रुळतो. पण सगळा धोका मारामारीतूनच येतो असं नाही. जानेवारी 2016 मध्ये कॅल्गरीचा डेनिस वाइडमन स्वतः धडक खाऊन बाकाकडे परतत होता. वाटेत त्याने लाइन्समन डॉन हेंडरसनला मागून ढकललं. लीगने 20 सामन्यांची बंदी घातली, लवादाने ती 10 वर आणली. हेंडरसनच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली आणि तो पुन्हा पंच म्हणून बर्फावर उतरला नाही. भाच्याच्या आईला मी हा किस्सा अजून सांगितलेला नाही.

कोण कुठे गेलं

यात एकच एक ठोकताळा सापडत नाही. पॉल स्टुअर्ट हा बॉस्टनचा मुठी चालवणारा खेळाडू. 1979-80 मध्ये क्विबेककडून 21 सामने खेळला. आपल्याच गावात, बॉस्टनमध्ये पदार्पण करताना त्याने प्रतिस्पर्ध्यांपैकी तिघांशी मारामारी केली. असा माणूस लाइन्समन होईल असं वाटतं ना? तो रेफरी झाला, 1986 मध्ये एनएचएलमध्ये आला आणि 1000 सामने पूर्ण करणारा पहिला अमेरिकन रेफरी ठरला. कुठला खेळाडू खरोखर भडकलाय आणि कोण नाटक करतोय हे मुठी चालवलेल्यालाच जास्त कळतं, असं माझं आपलं मत. उलट शिकागोचा हॅरॉल्ड "मश" मार्च पाहा. 1934 च्या अंतिम लढतीत जादा वेळेत स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकून देणारा गोल त्याचा, आणि निवृत्तीनंतर तो झाला लाइन्समन.

आजच्या काळातलं नाव म्हणजे वेस मॅकॉली. वडील जॉन मॅकॉली एनएचएलचे रेफरी. वेसला 1990 मध्ये डेट्रॉइटने ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) घेतलं, तो मिशिगन स्टेट विद्यापीठाकडून खेळला, पुढे खालच्या लीगमध्ये हिंडला, पण एनएचएलमध्ये एकही सामना खेळायला मिळाला नाही. रेफरी म्हणून 2003 मध्ये पोचला आणि आज माइकवर पेनल्टी जाहीर करायच्या त्याच्या नाटकी ढंगाचे व्हिडिओ पोरं एकमेकांना पाठवतात. भाच्याला मी हे नाव मुद्दाम सांगितलं. जे दार खेळाडू म्हणून उघडलं नाही, ते पट्ट्यांच्या शर्टासाठी उघडू शकतं.

बिल चॅडविकची गोष्ट आणखी वेगळी. खेळताना पक लागून उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. 1939 मध्ये तो एनएचएलचा लाइन्समन झाला आणि दोन वर्षांत रेफरी. हाताच्या खुणांनी पेनल्टी दाखवायची पद्धत रुजवण्याचं श्रेय त्याला देतात. लाइन्समनचा रेफरी होणं तेव्हा असं सहज घडत असे. आता वरच्या पातळीवर वाट लवकर ठरते, म्हणून "आधी लाइन्समन होतो, मग बघू" हा हिशेब मी तरी करणार नाही.

पैसा, जागा, वाट

रेफरीला लाइन्समनपेक्षा जास्त मिळतं. जागा दोन्हीकडे थोड्या: 32 संघांच्या लीगसाठी पूर्णवेळ रेफरी आणि लाइन्समन साधारण 35-35. प्रवास सारखाच, घरच्या मैदानावर खेळायचं सुख दोघांनाही नाही. टिकण्याच्या बाबतीत लाइन्समनचं पारडं मला जड वाटतं. रे स्कॅपिनेलोने 33 हंगामांत साखळीचे 2500 सामने केले आणि एकही चुकवला नाही. त्याचा चेहरा किती प्रेक्षकांना आठवत असेल? लाइन्समनचं सुख हेच आहे.

वाट म्हणाल तर 2014 पासून एनएचएल उन्हाळ्यात बफेलोला पंचांसाठी चाचणी शिबिर भरवते. शिट्टी कधी हातात न धरलेल्या माजी खेळाडूंनाही तिथे घेतात, स्केटिंग आणि तंदुरुस्ती तपासतात आणि त्यातून निवडलेल्यांना खालच्या लीगची वाट मिळते. मुलींसाठीही दार किलकिलं झालंय. एनएचएलच्या खालोखालच्या एएचएल लीगने 2021-22 च्या हंगामात एकदम दहा महिला पंच घेतल्या. त्यातली केटी ग्वे ही ब्राउन विद्यापीठाकडून खेळलेली.

कोचिंगचा विषय भाच्यानेच काढला. त्यावर एवढंच सांगितलं की हे दरवाजे एकमेकांना कुलूप लावत नाहीत. किंग क्लॅन्सी खेळला, थोडा काळ कोच झाला, 11 वर्षं रेफरी राहिला आणि पुढे पुन्हा कोच झाला, या वेळी टोरंटोचा.

माझा कौल

ज्याला लोकांनी आपल्याला आवडावं असं मनापासून वाटतं त्याने रेफरी होऊ नये. ज्याला रेषा, कोन आणि वेळ यांत रस आहे, ज्याला घरी जाताना डोकं मोकळं हवंय, त्याने लाइन्समन व्हावं आणि कमीपणा मानू नये. ज्याला खेळाडू असताना पकपासून लांब चाललेली ढकलाढकली, जर्सी ओढणं, गुपचूप मारलेला कोपर हे सगळं आपोआप दिसायचं, तो रेफरीच. पक सगळ्यांनाच दिसतो.

म्हणून भाच्याला एक काम दिलं. स्थानिक ज्युनियर संघाच्या सामन्याला जा, तिकीट माझ्याकडून, आणि पहिला पूर्ण पिरियड पककडे बघू नकोस. परत आला तेव्हा स्कोअर काय झाला ते त्याला सांगता येईना. पण घरच्या संघाचा सात नंबर प्रत्येक वेळी बोर्डाजवळ कुणाची स्टिक बगलेत दाबून धरतो, कुठल्या बाजूला, आणि जवळचा रेफरी तेव्हा कुठे बघत असतो, हे त्याने चहा गार होईपर्यंत सांगितलं.

बफेलोचा अर्ज भरलाय. त्याच्या आईचं म्हणणं आधी डिग्री पूर्ण कर.