खाऱ्या पाण्यातल्या गाळासाठी कोणतं मॉडेल घ्यावं?

एकाच बादलीतून खाऱ्या पाण्यातल्या चिकणमातीच्या गाळाचे दोन नमुने घ्या. एक ढवळल्यावर १० मिनिटांनी मोजा, दुसरा तासाभराने. पात्यांचा रोटर अगदी सावकाश फिरवला की ताण चढत जातो, शिखर गाठतो आणि उतरतो. तासभर निवांत राहिलेल्या नमुन्याचं शिखर सहसा जास्त उंच येतं. माती तीच, मीठ तेवढंच, मग यील्ड स्ट्रेस, म्हणजे गाळ वाहू लागायला लागणारा किमान ताण, म्हणून कोणता आकडा लिहायचा? गाळाच्या प्रवाहाचं गणिती मॉडेल निवडताना मी आधी याच प्रश्नाचं उत्तर शोधतो.

मिठाचं म्हणाल तर तो हिशोब वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. कणांभोवतीच्या विद्युतभाराच्या थराची जाडी, म्हणजे डिबाय लांबी, साध्या मिठाच्या द्रावणात २५ अंश सेल्सिअसला ०.३०४ भागिले आयनिक तीव्रतेचं (द्रावणात विद्युतभारित कण किती आहेत त्याचं माप) वर्गमूळ इतके नॅनोमीटर भरते. ०.००१ मोलर द्रावणात ती साधारण ९.६ नॅनोमीटर असते, तर समुद्राच्या पाण्यात, जिथे तीव्रता ०.७ च्या आसपास असते, जेमतेम ०.३६. एवढ्या पातळ थराला कण दूर ठेवणं जमत नाही. व्हॅन डर वाल्स आकर्षण, म्हणजे अगदी जवळच्या कणांमधली ओढ, जिंकतं आणि पुंजके बांधले जातात, त्यांचं जाळं तयार होतं. म्हणून पूर्ण खाऱ्या पाण्यात काम असेल, तर क्षारता थोडी वरखाली झाल्याने फारसं बिघडत नाही. ती स्थिर धरून चालतं. गोडं आणि खारं पाणी जिथे मिसळतं, तिथे मात्र क्षारता मॉडेलच्या आत घ्यावीच लागते. कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखे दोन भारांचे आयन असतील तर कण फार कमी तीव्रतेलाच गोळा होतात, तेही विसरू नका.

बिंगहॅम आणि हर्शेल–बल्कली (१९२६) ही मॉडेलची पहिली जोडी. बिंगहॅमला दोन आकडे लागतात, हर्शेल–बल्कलीला तीन. पाइपमधून अखंड वाहणाऱ्या गाळाचा दाबक्षय (वाटेत कमी होणारा दाब) काढायचा असेल आणि शिअर रेटचा, म्हणजे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात त्याचा, पल्ला माहीत असेल, तर याहून जड काही उचलू नका. पण या मॉडेलना काळाची जाणीव नाही. पंप रात्रभर बंद राहिला आणि सकाळी सुरू करायचा आहे, तर लागणारा दाब ती कमी सांगतील. शिवाय यील्ड स्ट्रेसच्या खाली ती पदार्थाला ताठ दगड मानतात. खरा गाळ तिथे रबरासारखा किंचित ताणला जातो आणि सोडला की काही अंशी परत येतो. तुम्हाला हा सुरुवातीचा लवचीक भागच हवा असेल, तर सारामितो यांचं २००७ चं लवचीक-प्लास्टिक मॉडेल पाहा.

माझा कल मात्र रचना-मॉडेलकडे आहे. मूळ कल्पना मूर यांची, १९५९ ची: पुंजक्यांचं जाळं किती शाबूत आहे हे ० ते १ मधल्या λ या एका संख्येने सांगायचं. बांधणी उरलेल्या (१ − λ) च्या प्रमाणात, मोडतोड λ गुणिले शिअर रेटच्या प्रमाणात. दोन्ही समान झाल्या की λ = १ / (१ + β × शिअर रेट), इथे β म्हणजे मोडण्याच्या आणि बांधण्याच्या स्थिरांकांचं गुणोत्तर. बादलीतले ते दोन नमुने आता एकाच समीकरणात बसतात: एकाचा λ थोडा सावरलेला, दुसऱ्याचा जवळपास १.

याची किंमतही मोजावी लागते. यील्ड स्ट्रेसला λ ने गुणून वर साधी श्यानता (द्रवाचा घट्टपणा) जोडली आणि β गुणिले यील्ड स्ट्रेस त्या श्यानतेपेक्षा मोठं निघालं, तर कमी शिअर रेटला स्थिर प्रवाहाचा वक्र (शिअर रेटनुसार ताण दाखवणारा) खाली झुकतो. तसं झालं की प्रवाह एकसारखा राहत नाही. एक पट्टा वाहतो, शेजारचा थिजलेला. खऱ्या गाळातही असे पट्टे दिसतात, त्यामुळे हा दोष म्हणवत नाही. पण गणनेत उत्तर संगणकातल्या चौकटींच्या (मेशच्या) आकारावर अवलंबून राहू लागतं, आणि ते लक्षात न आल्यास आठवडे वाया जातात. हे मॉडेल घेणार असाल तर ठरावीक विश्रांतीनंतरचं शिखर, शिअर रेट अचानक बदलल्यावरचा प्रतिसाद आणि स्थिर वक्र, या तिन्ही मोजण्या हाताशी हव्यात. नुसत्या स्थिर वक्रावरून β निघेल, पण बांधणी किती वेगाने होते ते कळणार नाही.

एकेक कण हलवणारी सिम्युलेशन, म्हणजे डीईएम (डिस्क्रीट एलिमेंट मेथड) किंवा स्टोक्सियन डायनॅमिक्स, वेगळ्याच कामाची. १ मायक्रॉन व्यासाचे गोल कण, घनफळाने १० टक्के: एका मिलिलीटरमध्ये सुमारे १९ हजार कोटी कण. एवढे संगणकावर चालवता येत नाहीत. पुंजका कुठे तुटतो, क्षार वाढला की बंध का घट्ट होतो, हे समजून घ्यायला ही पद्धत उत्तम आहे. पाइपचा व्यास ठरवायला तिच्याकडे जाऊ नका. चिकणमातीचे कण तर चपटे असतात, कडांचा भार पाण्याच्या पीएचनुसार बदलतो. गोल मानून काढलेलं उत्तर इथे जपूनच वापरा.

आणि प्रश्न वाहण्याचा नसून बसण्याचा असेल, म्हणजे टाकीत गाळ किती दाट होईल हा, तर वरचं काहीच उपयोगी नाही. तिथे बस्कॉल आणि व्हाइट यांची १९८७ ची दाबणीची मांडणी घ्या. जेल पॉइंटच्या, म्हणजे जाळं सलग जुळतं त्या घनप्रमाणाच्या (गाळातल्या घन पदार्थाचा वाटा) वर ते गेलं की जाळं स्वतःच्या वजनाचा भार पेलतं. भार त्याच्या दाब-मर्यादेपेक्षा जास्त झाला की ते खचतं आणि पाणी वर येतं. मापनपात्रात गाळ आणि वरचं निवळ पाणी यांमधली रेघ दर तासाला टिपत गेलात, तर पहिला अंदाज बांधायला तेवढं पुरतं.